मास्टरिंगच्या नावाखाली मला नुसता मोठा आवाज विकला

आमच्या गटाचा कार्यक्रम मी सभागृहात मधोमध ठेवलेल्या एका छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केला होता, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. आमच्या गायिकेने त्यानंतर गाणं थांबवलं. त्यामुळे ते दीड तासाचं रेकॉर्डिंग आम्हा सगळ्यांना जिवापाड जपायचं होतं. हॉलचा घुमारा जास्त होता, तिचा आवाज जरा मागे पडला होता. मास्टरिंग म्हणजे रेकॉर्डिंगवरून शेवटचा हात फिरवून ते ऐकण्याजोगं करणं. ऑनलाइन सापडलेल्या एका मास्टरिंगवाल्याला ते काम दिलं आणि सगळे पैसे आगाऊ भरले.

त्याआधी त्याने एका मिनिटाचा नमुना पाठवला होता. आधीचं आणि नंतरचं, एकापाठोपाठ. नंतरचं ऐकून मी हरखून गेलो, आणि फसलो ते इथेच. तेच संगीत जरा मोठ्याने लावलं की खर्जातले आणि अगदी वरचे स्वर कानाला जास्त भरतात, सगळं भारदस्त वाटतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ साली मोजून मांडलं होतं. नमुन्यात याहून वेगळं काही नव्हतं.

'९६ किलोहर्ट्झ मास्टर' म्हणून फाइल आली. दोन गाण्यांतच कान शिणले, म्हणून लाउडनेस मीटर लावला. तो कानाला जाणवणारा मोठेपणा एलयूएफएस या एककात मोजतो, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. मूळ रेकॉर्डिंग उणे १९ एलयूएफएस, त्याची फाइल उणे ७. मी त्याची फाइल १२ डेसिबलने खाली आणली आणि दोन्ही आलटून पालटून ऐकल्या. गायिका होती तिथेच, मागे. ड्रमचा ठोका बोथट झालेला. आणि घुमारा चक्क वाढलेला, कारण लिमिटर, म्हणजे आवाजाला ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन, दाबून लावला की मोठे आवाज चेपले जातात आणि त्यांच्यामागचं हळू असलेलं सगळं वर येतं. ज्यासाठी पैसे दिले, नेमकं तेच बिघडलं होतं. शिवाय स्पॉटिफायसारख्या ठिकाणी अशी फाइल सहसा साधारण उणे १४ वर आणूनच वाजवली जाते. म्हणजे मोठेपणाही उरणार नाही, चेपलेपणा तेवढा उरेल.

मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम उघडला, म्हणजे कोणत्या उंचीचे स्वर किती आहेत ते दाखवणारं चित्र. माझ्या फाइलमध्ये झांजांची किनार २० किलोहर्ट्झच्या वरपर्यंत दिसत होती. त्याच्या फाइलमध्ये १६ च्या वर सरळ रेषेत काळोख. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत, म्हणजे जागा वाचवायला बारीक तपशील गाळून लहान केलेल्या फाइलमध्ये, साधारण तिथेच कात्री लागते. त्याने माझी काहीही न गाळलेली मूळ वेव्ह फाइल कुठेतरी एमपीथ्री करून पुन्हा ९६ किलोहर्ट्झपर्यंत फुगवली होती.

विचारलं तर म्हणाला, 'सॉफ्टवेअर असंच करतं.' हे खोटं आहे. लिमिटर किती दाबायचा ते माणूस ठरवतो. पैसे परत मिळाले नाहीत, पुढे उत्तरंही बंद झाली.

आता आठवतं, त्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. रेकॉर्डर कुठे होता, टाळ्यांना आवाज फाटलाय का, ऐकायचं कशावर आहे, काहीच नाही. कुणाला काम देणार असाल तर ३० सेकंदांचा नमुना मूळच्याच पातळीवर मागा. तेवढंही द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका. आणि मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. माझी होती, म्हणून आता मीच बसलोय. २५० हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कमी केले, लिमिटर जेमतेम लागेल इतकाच ठेवला. घुमारा आहे तसाच आहे, पण तिचे शब्द आता कळतात.