कठपुतळी शिकावी की बोम्मलाट्टम?

भाचीला दोरीच्या बाहुल्यांचा खेळ शिकायचाय, पण राजस्थानची कठपुतळी की तमिळनाडूचं बोम्मलाट्टम ह्यातच अडकलीये. आधी वजन बघा, कठपुतळी हलकी, तिला बहुतेक पाय नसतात, घोळदार घागऱ्यात सगळं झाकतं आणि २ ते ५ दोऱ्या थेट बोटांना बांधतात, त्यामुळे घरी एकटीला सराव जमतो. बोम्मलाट्टमची मोठी बाहुली ४.५ फूट, १० किलोपर्यंत, दोऱ्या खेळवणाऱ्याच्या डोक्यावरच्या लोखंडी कड्याला आणि हात काठ्यांनी हलवायचे, म्हणजे मान-खांदे सगळंच कामाला लागतं, पण नाच काय देखणा दिसतो! आवाजाचं म्हणाल तर कठपुतळीवाले तोंडात 'बोली' नावाची शिट्टी धरतात, ती वाजवायला शिकायला धीर हवा. कमी जागा असेल तर कठपुतळीच, नाचाची ओढ आणि अंगमेहनतीची तयारी असेल तर बोम्मलाट्टम.