जिनिंगवाल्यांसाठी कामगार कायद्याची वार्षिक सेवा: चलानात पक्की, पगारपत्रकात कच्ची

जिल्ह्याच्या ठिकाणचं एक सल्लागार कार्यालय जिनिंग-प्रेसिंग (कापसाची सरकी काढून गाठी बांधणारे कारखाने) आणि दालमिलवाल्यांना ही सेवा देतं. दर महिन्याला पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआयसी (कामगार विमा) यांच्या भरण्याचं चलान, आणि कायदा बदलला की व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना. पहिल्या कामासाठी खुशाल घ्या. दुसऱ्यासाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

हजेरीपट वेळेत गेला की चलान १२ तारखेच्या आत येतं. मुदत १५ ची. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ १५ नंतर भरला तर व्याज-दंड लागतो. म्हणून हे तीन दिवस मोलाचे. ईएसआयसीतही हे कार्यालय पक्कं आहे. कोणाचा पगार जानेवारीत २१,००० च्या मर्यादेवर गेला तरी वर्गणी ३१ मार्चपर्यंत कापायचीच असते. ते आठवणीनं कापतात.

१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या माणसाचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) सरकारी उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. आधारवरचा फोटो जुना असला की जुळत नाही, आणि रेच्यावरून (सरकी काढायच्या यंत्रावरून) उठून आलेल्याच्या भुवयांना रुई चिकटलेली असली की विचारूच नका. यांचा माणूस जिनिंगवर येतो, तोंड धुवायला लावतो, उजेडाकडे तोंड करून उभं करतो आणि काम करून जातो.

आता कच्ची बाजू. २१ नोव्हेंबर २०२५ ला, ऐन हंगामात, जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. सूचना लगेच आली, पण ती इंग्रजी पीडीएफ होती. पगारपत्रकाचा नमुना मात्र जुनाच राहिला. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार, त्यातून वगळलेले भत्ते (घरभाडं वगैरे) एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरावी लागते. व्यवस्थापकाला एकूण ३०,००० असतील, त्यात मूळ पगार नि महागाई भत्ता १३,००० आणि घरभाडं वगैरे १७,०००, तर २,००० वेतनात येतात. वेतन १५,००० झालं. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे ७,५०० वरून ८,६५४ वर गेली. यांच्या तक्त्यात अजून ७,५०० च दिसतात.

हिशेब चुकता करण्याचंही तसंच. काम सोडलं किंवा काढलं, तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण मजुरी द्यायची आहे. होळीला गावी निघालेला मजूर परत येईलच असं नाही, आणि यांचा तक्ता त्याचा हिशेब पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला दाखवतो. तक्रार झाली तर नोटीस मालकाच्या नावानं येणार, सल्लागाराच्या नाही.

किमान वेतनाचा विशेष भत्ता (महागाईप्रमाणे ठरणारा) १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. आदेश मागाहून निघतो, म्हणून जानेवारीचा पगार बहुधा जुन्या दरानं वाटला जातो आणि फरक काढावा लागतो. हे कार्यालय सगळ्या परिमंडळांचे (किमान वेतनासाठी पाडलेल्या भागांचे) दर एकत्र पाठवतं. आपली जिनिंग कोणत्या परिमंडळात येते आणि माणशी फरक किती, हे आपलं आपण शोधायचं! एवढ्यासाठीच तर पैसे देतो न बाप्पा.

नूतनीकरणाआधी करारात दोन ओळी लिहून घ्या: विशेष भत्त्याचा आदेश निघाल्यापासून आठ दिवसांत नावनिहाय फरकपत्रक, आणि माणूस सोडून गेल्याचं कळवलं की त्याच दिवशी अंतिम हिशेब. नाही म्हणाले तर फक्त चलानाचं काम द्या आणि फी त्या हिशेबानं कमी करून घ्या. बंद हंगामात माणसं चार-पाचच राहतात, तेव्हाही पूर्ण फी लावतात; तीही बोलून घ्या.