प्रवासाला कोणतं घड्याळ बांधावं: जीएमटी, स्मार्टवॉच की डिजिटल?

आमच्या गोव्यात घरातलं कुणी ना कुणी बाहेर असतंच. कुणाचा भाऊ दुबईला, कुणाचा मुलगा बोटीवर, कुणाची भाची लंडनला. माझा मेव्हणा मस्कतला आहे आणि मुलगी लिस्बनला, त्यामुळे कधी इकडे तर कधी तिकडे जाणं होतं. घड्याळांची आवड जुनी, म्हणून ओळखीतले लोक निघण्याआधी हमखास विचारतात, की प्रवासात मनगटावर काय बांधू? दुसऱ्या ठिकाणची वेळ दाखवायला चौथा काटा असलेलं जीएमटी ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली भरणारं), स्मार्टवॉच आणि साधं डिजिटल असे तिन्ही प्रकार मी बाहेर जाताना वापरले आहेत. पाण्यात किती टिकतं, सेल किती चालतो हे खोक्यावर छापलेलं असतं, त्यात शिरत नाही.

मडगावहून मुंबई, पुणे, फार तर दिल्ली एवढाच प्रवास असेल तर डोकं शिणवू नका. सगळ्या देशाला एकच वेळ, तेव्हा जे आवडतं ते बांधा. माझ्याकडे वडिलांचं एचएमटी आहे, रोज सकाळी किल्ली द्यावी लागणारं. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळं काढायला सुरुवात केली आणि आमच्या वडिलांच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं पहिलं घड्याळ तेच होतं. रेल्वेने जाताना मी अजून तेच बांधतो. पावसाळ्यात कोकण रेल्वे गाड्यांचा वेग कमी ठेवते, त्यासाठी वेगळं वेळापत्रक लावते. तिथे दिवसाला अर्धं मिनिट पुढेमागे जाणाऱ्या घड्याळाने काही अडत नाही.

प्रश्न येतो तो देशाबाहेर पडताना. कारण तिथे दोन वेळा सांभाळायच्या असतात, जिथे आहोत तिथली आणि घरची.

जीएमटी घड्याळ मला मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. नेहमीच्या काट्यांच्या जोडीला एक चौथा काटा, चोवीस तासांत एकच फेरी मारणारा. १९५५ साली रोलेक्सने जीएमटी मास्टर आणलं ते पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी. पुढे कितीतरी वर्षं मेकॅनिकल जीएमटी म्हणजे पैसेवाल्यांचं काम होतं. २०२२ मध्ये सेइकोने आपल्या ‘५ स्पोर्ट्‌स’ मालिकेत जीएमटी आणलं आणि नोकरदार माणूसही त्याचा विचार करू लागला. माझं दुसऱ्या कंपनीचं आहे. काळी तबकडी, लाल टोकाचा चौथा काटा, आणि मनगट हलवलं की आत फिरणाऱ्या चकतीची हलकीशी घरघर. विमानात खिडकीशी बसून ते बघत राहावं इतकं देखणं. लग्नाकार्यातही शोभतं. ज्याला घड्याळ म्हणजे नुसतं वेळ सांगायचं यंत्र वाटत नाही, त्याला जीएमटीचा मोह होणारच, आणि तो चुकीचा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण ते घेऊन मस्कतला गेलो आणि एक गोष्ट खटकली, ती आजतागायत खटकतेच आहे. तो आपला अर्धा तास.

मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे. दुबईही तेवढंच. आता जीएमटी घड्याळात तासांचे काटे दोन असले तरी मिनिटकाटा एकच असतो, आणि तोच दोन्ही वेळांना वापरायचा असतो. दोन ठिकाणांमधला फरक पूर्ण तासांचा असेल तर काहीच अडचण नाही, कारण मिनिटं दोन्हीकडे सारखीच. आपली मिनिटं मात्र बहुतेक देशांशी जुळत नाहीत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या. पंधरा अंशांना एक तास या हिशेबाने ते साडेपाच तास होतात. १९०६ पासून ही वेळ चालत आली आहे आणि एवढ्या पसरलेल्या देशाला मधली वेळ म्हणून ती योग्यच आहे. चौथा काटा मात्र पूर्ण तासांच्या जगासाठी घडवलेला.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. रुवीला मेव्हण्याच्या बाल्कनीत बसलोय, घड्याळात सात पन्नास झालेत. आईला फोन करायचाय. ती फोंड्याला, साडेनऊला आडवी होते. चौथा काटा मी एक तास पुढे लावलेला, म्हणजे तो दाखवतोय आठ पन्नास. त्यात तीस मिनिटं मिळवायची, झाले नऊ वीस. तोच काटा दोन तास पुढे लावला असता तर दिसले असते नऊ पन्नास, त्यातून तीस वजा करायची, पुन्हा नऊ वीस. म्हणजे काटा कसाही लावा, तास आणि मिनिट दोन्ही मनातल्या मनात सरकवावे लागतात. हिशेब अवघड नाही, हे मान्य. पण चौथ्या काट्याला पैसे मोजले ते हिशेब करावा लागू नये म्हणूनच ना? रात्री उशिरा उतरल्यावर, हातात पासपोर्ट आणि बॅग असताना, झोपेने डोळे जड झालेले असताना हीच बेरीज नको वाटते. त्यापेक्षा साधं तीन काट्यांचं घड्याळ गोव्याच्या वेळेवरच ठेवून दीड तास वजा करणं मला सोपं गेलं.

यात घड्याळ कुठल्या जातीचं आहे त्यावरही थोडंफार अवलंबून आहे. काही जीएमटींत चौथा काटा सुटा फिरतो, टक् टक् करत एकेक तास. काहींत उलट, नेहमीचा तासकाटा एकेक तास उडी मारतो आणि बाकीचं घड्याळ न थांबता चालत राहतं. दुसरी जात महाग आणि प्रवाशांसाठी खास समजली जाते, कारण उतरल्याबरोबर स्थानिक वेळ लागते आणि सेकंदाचाही फरक पडत नाही. भारतातून जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी हा फायदाच मिळत नाही. दीड तास मागे जायला एक उडी मारली तरी उरलेल्या अर्ध्या तासासाठी चावी पूर्ण ओढून, घड्याळ थांबवून मिनिटकाटा हलवावाच लागतो, आणि तो हलला की चौथ्या काट्यावरची घरची वेळही अर्ध्या तासाने बिनसते. तबकडीभोवतीची चोवीस तासांचे आकडे असलेली फिरती कडी बिनखाचांची, म्हणजे हवी तिथे थांबणारी असेल तर ती अर्ध्या घरावर नेऊन ठेवता येते. मी तेही केलं. तास बरोबर कळतो, मिनिटं मनातच मोजावी लागतात.

आणि तारीख. बऱ्याच ऑटोमॅटिक घड्याळांत रात्री नऊ ते पहाटे तीन-चारच्या दरम्यान तारखेला हात लावू नये असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, कारण त्या वेळात तारीख बदलणारी चाकं एकमेकांत अडकलेली असतात. मी गल्फला गेलो ते बहुतेक रात्रीच्याच विमानाने. मध्यरात्र उलटून गेल्यावर, मोपा असो की दाबोळी, निघायचं, आणि उतरून काटे दीड तास मागे घ्यायचे ते नेमके त्याच वेळात. आमच्या ओळखीच्या घड्याळजींचा सल्ला असा की अशा वेळी काटे मागे फिरवूच नका, पुढूनच फेरी घालून आणा, किंवा सकाळ होऊ द्या. मी सकाळ होऊ देतो.

काट्यांच्या घड्याळाची एक गंमत मात्र सांगायला हवी, ज्यांची मुलं लंडनला किंवा लिस्बनला आहेत त्यांच्यासाठी. हिवाळ्यात दोन्ही शहरं आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात. गोव्याच्या वेळेवरचं घड्याळ मनगटावरच उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. इथे अडीच वाजले असतील तर उलट्या तबकडीत मिनिटकाटा बारावर दिसतो आणि तासकाटा साडेआठच्या जागी. तो अर्धं घर पुढे धरायचा, की तिथले नऊ. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, मग त्यात एक तास मिळवायचा. मुलीला फोन करण्याआधी माझी बायको अजून असंच बघते, आणि त्यासाठी तिला दुसरं घड्याळ लागत नाही.

स्मार्टवॉचबद्दल थोडक्यात. अर्ध्या तासाचा प्रश्न त्याला पडतच नाही. फोनला तिथलं नेटवर्क मिळालं की मनगटावरची वेळ आपोआप बदलते. शिवाय विमानाची वेळ, गेटचा नंबर, मुलीचा मेसेज, सगळं मनगटावर. ज्यांना फोन सारखा खिशातून काढणं जड जातं त्यांच्या ते खरोखर कामाचं आहे. मला नडलं ते त्याचं हे आपोआप बदलणंच. मधल्या विमानतळावर तीन तास काढायचे, रोमिंग बंद, फोन विमान-मोडवर. घड्याळात वाजलेत चार दहा. हे कुठले चार दहा? गोव्याचे, की इथले? वेळ बदलली की नाही हे घड्याळ बघून कळत नाही, मग भिंतीवरचा फलक शोधायचा. घरची वेळ वेगळी दाखवण्याची सोय त्यात असते, ती लावून घेतली तर हा गोंधळ बराच कमी होतो, हेही खरं. त्यात पुन्हा त्याचा तो वेगळा चार्जर सामानात आठवणीने टाकायचा. तरुण मंडळींना याचं काही वाटत नाही, तेव्हा हे माझं वयही असू शकेल.

राहिलं डिजिटल. माझ्याकडे कॅसिओचं एई-१२०० आहे, चौकोनी, वर जगाचा छोटा नकाशा असलेलं. देखणेपणात ते जीएमटीच्या जवळपासही जात नाही आणि लग्नाला मी ते बांधणार नाही. पण त्यात ४८ शहरं आहेत आणि ३१ वेळपट्टे. भारतासाठी डीईएल, गल्फसाठी डीएक्सबी, लिस्बनसाठी एलआयएस. मस्कत यादीत नाही, पण दुबईची वेळ तीच, त्यामुळे काम भागतं. खालचं डावं बटण दाबत जागतिक वेळेवर यायचं, की दुसऱ्या शहराची वेळ आकड्यांत समोर. सात पन्नास किंवा नऊ वीस, जे आहे ते लिहिलेलं. बेरीज नाही, वजाबाकी नाही. काठमांडू आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. पशुपतिनाथाला जाणाऱ्या माणसाला तिथे जीएमटी काट्याचा काहीच उपयोग नाही, आणि या घड्याळात केटीएम निवडलं की झालं. युरोपात उन्हाळी वेळ सुरू झाली की त्या शहरापुरता एक तास पुढे करायची सोय आहे. ते तेवढं स्वतः लक्षात ठेवून करावं लागतं.

या घड्याळाला पाच गजर आहेत. एक मी आईच्या रात्रीच्या गोळीसाठी लावलाय. घरी असलो की हातात पाणी देतो, बाहेर असलो की फोन करतो.

आपल्या हवेचाही विचार करा, कारण प्रवास गोव्यातून सुरू होतो आणि गोव्यातच संपतो. आषाढ-श्रावणात कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, आणि मे महिन्यात कदंबच्या बसमध्ये उभं राहिलं की तोच पट्टा घामाने भिजून वास मारतो. जीएमटी घ्यायचं ठरलंच तर नायलॉनचा किंवा रबरचा एक जादा पट्टा बरोबर असू द्या. फेरीबोटीवर वारं खारं लागतं, म्हणून धातूची साखळी असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने पुसून घ्यावी. डिजिटलच्या प्लास्टिक पट्ट्याला नळाखाली धरलं की झालं. आणखी एक, महागडं घड्याळ घालून परदेशी जाणार असाल तर त्याचं बिल जवळ ठेवा. परतताना कस्टम्सने विचारलं तर ते आपल्याकडूनच नेलं होतं हे दाखवता येतं.

बोटीवर काम करणाऱ्यांसाठी माझं मत थोडं वेगळं आहे. जहाजाची वेळ आणि आंतरराष्ट्रीय (ग्रीनिचची) वेळ यांत सहसा पूर्ण तासांचाच फरक असतो, त्यामुळे तिथे जीएमटी काटा त्याच्या खऱ्या कामाला लागतो. तुमचं दिवसाचं काम त्या दोन वेळांवर चालत असेल तर जीएमटी खुशाल घ्या, आयुष्यभर पुरेल. घरची वेळ मात्र त्यावर मागू नका.

तुम्ही गल्फला, युरोपला मुलांकडे किंवा नेपाळला जाणारे असाल, आणि घरी फोनची वाट बघणारं कुणी असेल, तर मला वाटतं डिजिटल बघावं. एका चांगल्या जीएमटीच्या किमतीत अशी दहा तरी येतील. निघण्याआधी घरी बसूनच दुसरं शहर लावून ठेवा. उतरल्यावर दोन्ही शहरांची अदलाबदल करू नका, घरची वेळ मुख्य जागी आणि तिकडची बटणावर, असंच राहू द्या, म्हणजे गजरही गोव्याच्याच वेळेवर वाजतील. मी मस्कतला तसंच ठेवतो, आणि जीएमटी त्या वेळी इथे फोंड्याला कपाटात असतं.