फौजदारी केससाठी चॅटबॉट: काही महिन्यांच्या वापरानंतर

फौजदारी कामात दोन-तीन लोकप्रिय चॅटबॉट काही महिने रोज वापरले, फुकटचे आणि पैसे भरायचे दोन्ही. नावं देत नाही, कारण खालच्या खोडी कमीजास्त सगळ्यांत आहेत. कागद समजून घ्यायला ते उपयोगी आहेत, पण सल्ल्यासाठी बेभरवशाचे. घडलेली हकीगत तर त्यांना सांगूच नये.

आधी कलमांबद्दल. 1 जुलै 2024 पासून आयपीसी, सीआरपीसी आणि जुना पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. आयपीसीतल्या 420 चं (फसवणूक) न्याय संहितेत 318(4) झालं हे चॅटबॉटला माहीत असतं. फसतो तो जुना आणि नवा आकडा एकच असला की. सीआरपीसीत 482 म्हणजे गुन्हा रद्द करून घेण्यासाठी हायकोर्टात जायचं कलम. नव्या संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि गुन्हा रद्द करण्यासाठी 528. '482 चा अर्ज कसा करू' असं विचारलं की दोन्हींची खिचडी पुढ्यात येते. सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामीन मागायचा सोडून माणूस हायकोर्टाच्या तयारीला लागला, तर मधल्या काळात अटक होऊ शकते. 302 चंही तेच: आयपीसीत खून, न्याय संहितेत धार्मिक भावना दुखावणारे शब्द. त्यामुळे एफआयआरवर आकड्याआधी कायद्याचं नाव वाचा. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर फिर्याद नंतर नोंदली तरी कलम आयपीसीचंच लागतं. घटनेची तारीख चॅटबॉट स्वतःहून क्वचितच विचारतो.

मुदत मोजतानाही अशीच गडबड होते. आरोपपत्र 60 किंवा 90 दिवसांत आलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) खाली जामिनाचा हक्क मिळतो. चॅटबॉट बऱ्याचदा अटकेच्या तारखेपासून दिवस मोजतो. खरी मोजणी मॅजिस्ट्रेटने पहिली कोठडी दिली त्या दिवसापासून, आणि तो दिवस धरूनच. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. शिवाय अर्ज आरोपपत्र दाखल होण्याआधी पडायला हवा. 'हक्क आपोआप मिळतो' या भरवशावर बसलात आणि आरोपपत्र आधी आलं, तर हा हक्क गेला.

पोलिसांच्या नोटिशीला उत्तर लिहून मागितलं तेव्हाचा अनुभव सगळ्यांत वाईट. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस (सीआरपीसीत 41अ) दिली, की चॅटबॉट दोन पानी खुलासा तयार करतो: त्या दिवशी कुठे होतो, कोणाला भेटलो, पैसे का घेतले. मराठी सुबक, वाचायला पटणारं, आणि बचावाच्या दृष्टीने घातक. तपासी अंमलदाराच्या हातात अजून काय आहे हे माहीत नसताना आपली बाजू लेखी बांधून दिली, की पुढे सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) किंवा बँक स्टेटमेंटमधली एक तफावतही अंगावर येते. गप्प राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 20(3) मध्ये आहे. चॅटबॉट तो एका ओळीत सांगतो आणि पुढच्याच परिच्छेदात तुमच्याकडून सगळं वदवून घेतो. वकील सहसा हजर राहायला सांगतो, पोच घ्यायला सांगतो आणि पत्र चार ओळींचं ठेवतो. गैरहजर राहणं हा पर्याय नाही, कारण 35(6) खाली त्यावरून अटक होऊ शकते. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं आहे. तरी तशी आलेली नोटीसही दुर्लक्षून बसू नका, वकिलामार्फत लेखी कळवा.

होला हो करण्याची सवयही आहे. एकच हकीगत आधी आरोपीच्या बाजूने आणि मग फिर्यादीच्या बाजूने टाकून बघा. दोघांनाही 'तुमची बाजू भक्कम आहे' असं उत्तर मिळतं.

निवाड्यांचं तर विचारूच नका. पक्षकारांची नावं, वर्ष, परिच्छेद क्रमांक सगळं व्यवस्थित, फक्त निवाडा अस्तित्वात नाही. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आदेश रद्द केला, त्यात असेच नसलेले निवाडे आधाराला घेतले होते. तपासायला फार वेळ लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याला '2024 आयएनएससी' आणि पुढे क्रमांक असतो. मुंबईच्या निवाड्यात वर्षानंतर बीएचसी आणि खंडपीठाची खूण येते: अपील शाखेसाठी एएस, नागपूरसाठी एनएजी, औरंगाबादसाठी एयूजी. तो क्रमांक न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाका. निवाडा सापडला तरी मूळ मजकूर वाचा. खरा निवाडा उलट्या अर्थाने सांगितल्याचंही दिसलं.

आता हकीगत का सांगू नये ते. वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं संरक्षण आहे. चॅटबॉट वकील नाही, त्यामुळे ते संरक्षण तिथे नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीही 2025 मध्ये ही उणीव जाहीरपणे मान्य केली होती. फोन जप्त झाला की चॅट त्यातच असतं, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवता येतात. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. पण चॅटबॉट पोलीस नाही, त्यामुळे तिथे टाइप केलेल्या वाक्याला ती ढाल मिळेल असं धरू नका. घाबरून चॅट पुसणं आणखी वाईट. पुराव्याची इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम 241 खाली वेगळा गुन्हा आहे.

उपयोग कुठे झाला? शेकडो पानांच्या आरोपपत्रातून तारखांचा तक्ता काढायला, पीसीआर (पोलीस कोठडी) आणि एमसीआर (न्यायालयीन कोठडी) यांतला फरक घरच्यांना समजवायला, वकिलाला विचारायचे प्रश्न लिहून काढायला. नावं, पत्ते, गुन्हा रजिस्टर नंबर काढून टाकूनच कागद द्या, आणि मूळ कागद समोर ठेवा. हस्तलिखित पंचनाम्याच्या फोटोत तो 1 चा 7 करतो, आणि पंचनाम्याची वेळच बदलते.

पैसे भरायची आवृत्ती घेतल्याने भाषा सुधारते, वर सांगितलेलं फारसं बदलत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ज्या जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालय (आरोपींना मोफत वकील देणारं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय) आहे तिथे पहिल्या रिमांडपासूनच वकील मागता येतो. जाताना एफआयआरची प्रत, नोटीस आणि अटकेची कारणं लेखी मिळाली असतील तर तो कागद सोबत न्या. कारणं लेखी दिलीच नसतील, तर ते वकिलाला सगळ्यात आधी सांगा.