ई-ग्रामस्वराज : हिशेब उघडा, हात बांधलेले

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेल्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च घरबसल्या पाहता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. मांडणी मात्र ग्रामस्थापेक्षा हिशेबनिसाच्या सोयीची वाटते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील ग्रामीण अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखीव, ठेवली असल्याने, पडद्यावरील भरघोस आकडा म्हणजे ग्रामसभेच्या मर्जीने खर्चता येणारा पैसा, असा समज वाचकाने करून घेऊ नये. स्वायत्ततेचा खरा कस स्वनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीने स्वतः वसूल केलेल्या पैशात, लागतो. मी तरी अनुदानाआधी घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली पाहतो.