पनामा कालव्याची जुनी पोस्टकार्डं भिंतीवर : एका पावसाळ्यासकट वापरल्यानंतर

दिवाळीच्या आधी मागवलेल्या तीन प्रिंट आता पावसाळाही काढून बसल्यात, त्यामुळे बोलायला हरकत नाही. पार्सल उघडल्या उघडल्या पाच तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचून मीही घेतल्या होत्या, पण भिंतीवरच्या चित्राची खरी परीक्षा जुलैत होते.

आधी विषय. 15 ऑगस्ट 1914 रोजी पनामा कालवा खुला झाला आणि 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं त्या आनंदात फेब्रुवारी ते डिसेंबर असं भलंमोठं जागतिक प्रदर्शन भरवलं. त्या निमित्तानं पोस्टरं, पोस्टकार्डं, बिल्ले यांचा नुसता पूर आला. कालवा म्हणजे चिखल, वाफेवरची खोदयंत्रं आणि रुळांवरून माती वाहणाऱ्या गाड्या. ते कोण विकत घेणार? म्हणून चित्रकारांनी देवदेवता आणि पुराणपुरुष कामाला लावले. चित्रछपाईच्या त्या जमान्यात आपल्याकडेही रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्याच होत्या. तिकडे महासागरांनाच माणसांचं रूप मिळालं.

माझ्याकडची पहिली प्रिंट चित्रकार पेरहॅम नाहल यांच्या ‘हर्क्युलिसचं तेरावं कार्य’ची. ग्रीक पुराणातली बारा कामं उरकलेला हर्क्युलिस इथं दोन कड्यांच्या मध्ये उभा राहून डोंगर दोन्हीकडे रेटतोय आणि मधल्या फटीतून प्रदर्शनाचे घुमट-मनोरे दिसतात. दुसरीत अटलांटिक आणि पॅसिफिक दोन स्त्रियांच्या रूपात एकमेकींचं चुंबन घेतायत. तिसरी रूपकवाली नाही. प्रदर्शनातल्या ‘टॉवर ऑफ ज्वेल्स’चं रात्रीचं दृश्य आहे. एक लाखाहून जास्त काचेचे पैलूदार खडे टांगलेला तो मनोरा 132 मीटर उंच होता.

हर्क्युलिसच्या अंगावर कपडा नाही, हे आधीच सांगून ठेवते. सासूबाईंनी आल्या दिवशी एकदा बघितलं, “व्यायाम बरा केलाय” म्हणाल्या आणि विषय संपला. पाहुणे मात्र अजून अवघडतात.

आता छपाई. हर्क्युलिस मुळात पोस्टर म्हणूनच काढलेला, त्यामुळे ए-टू (ए-फोरच्या चौपट क्षेत्रफळाच्या) आकारातही तो भक्कम दिसतो. दंडावरच्या सावल्या, कड्यांच्या कडा, सगळं जवळ जाऊन बघितलं तरी टिकतं. महासागरांच्या चुंबनाचं तसं नाही. मूळ पोस्टकार्ड जेमतेम साडेतीन बाय साडेपाच इंचांचं. ते चौपट ताणल्यावर गालांवर छपाईचे ठिपके टपोरे दिसायला लागतात. सोफ्यावरून बघितलं तर देखणं, पण पुसायला जवळ गेलं की देवी आल्यासारखं वाटतं. शिवाय पोस्टकार्डाचं प्रमाण ए-आकारापेक्षा लांबट असतं. विक्रेत्यानं ते बसवायला दोन्ही टोकं कापली आणि एका बाजूची छापील ओळ अर्धी गेली. विचारल्यावर “फ्रेममध्ये जाईल, दिसणार नाही” असं उत्तर आलं. दिसतं. पोस्टकार्डाची प्रिंट घ्यायची तर ए-फोरच्या पुढे जाऊ नका आणि चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडून, न कापता छापून मागा.

मनोऱ्याची प्रिंट पश्चिमेच्या खिडकीसमोर होती. मे संपेपर्यंत रात्रीचा निळा रंग संध्याकाळचा झाला. ती दुसऱ्या विक्रेत्याकडची, स्वस्तातली, आणि साध्या डाय शाईची (विरघळलेल्या रंगाची, उन्हात लवकर उडणारी) निघाली. पिगमेंट शाईतला (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या, जास्त टिकणाऱ्या) हर्क्युलिस त्याच खोलीत आहे, तसूभर उतरलेला नाही. चौकशी करताना कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनदार, हे सगळे विचारतात. शाई कोणती ते आधी विचारा.

पावसाळ्यात फ्रेमवाल्याचा सल्ला कामी आला. काच थेट कागदाला टेकू नये म्हणून माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), मागून कडांना टेप आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुट्ट्या, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. आमच्या त्या भिंतीला दरवर्षी पोपडे येतात, यंदाही आले. पण चित्रांना बुरशीचा ठिपका नाही.

एवढे महिने रोज समोर असल्यावर चित्र वेगळं दिसायला लागतं. माझे धाकटे दीर मर्चंट नेव्हीत आहेत. सुट्टीवर आले तेव्हा हर्क्युलिसकडे बघून हसले. म्हणाले, “वहिनी, तिथं जोर लावायचा नसतो, श्वास रोखायचा असतो.” कालव्यात जहाजं वर-खाली करणारे दारांचे हौद असतात, त्यांना लॉक म्हणतात. जुन्या लॉकची रुंदी साडेतेहतीस मीटर, त्यात बसवायच्या मोठ्या जहाजाची सव्वाबत्तीस. म्हणजे दोन्ही बाजूंना हातभर जागा. लॉकमध्ये पाणी भरून जहाज पायऱ्यापायऱ्यांनी कालव्याच्या मार्गातल्या गाटून तलावापर्यंत, समुद्रसपाटीपासून सव्वीस मीटर वर चढवतात आणि पलीकडे तसंच उतरवतात. पंपही लागत नाही, तलावाचं पाणी उतारानंच येतं.

मग मी वाचत गेले. ज्या कुलेब्राच्या डोंगरातून हा रस्ता काढला, तिथं खोदलेली माती पुन्हा पुन्हा घसरून खाली यायची. सप्टेंबर 1915 मध्ये, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत प्रदर्शन जोरात चालू असताना, अशी दरड आली की कालवा थेट एप्रिल 1916 पर्यंत बंद पडला. पोस्टरवर हर्क्युलिस डोंगर रेटून उभा आणि तिकडे डोंगर परत जागेवर! ही गोष्ट कळल्यापासून हे चित्र मला जास्तच आवडतं.

खटकतं ते दुसरंच. खणणारे हात मुख्यतः बार्बेडोस, जमैकासारख्या बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे. त्यांना पगार चांदीच्या नाण्यांत, गोऱ्या अमेरिकनांना सोन्याच्या, आणि राहणं-जेवणंही वेगळं. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या कामात नोंदलेले मृत्यू 5,609. त्याआधी फ्रेंचांच्या प्रयत्नात पिवळ्या तापानं आणि मलेरियानं गेले ते निराळे. या सगळ्यातलं कुणीही ना त्या हर्क्युलिसच्या आसपास आहे, ना त्या दोघींच्या.

पैशांचं म्हणाल तर 1915 च्या या छपाईवर अमेरिकेत आता कुणाचा हक्क उरलेला नाही, म्हणून शंभर दुकानं हीच चित्रं विकतात. तुम्ही पैसे मोजता ते स्कॅनचे, शाईचे आणि कागदाचे. हर्क्युलिससाठी मोजलेले वसूल झाले, मनोऱ्याचे गेले. चुंबनाचं कार्ड मी छोट्या आकारात परत छापून घेतेय.

मनोऱ्याच्या जागी आता अमेरिकन चित्रकार जोसेफ पेनेल यांचं एखादं शिळाछापाचं चित्र (लिथोग्राफ) लावणार आहे. 1912 मध्ये ते काम चालू असताना तिथं गेले होते आणि लॉकच्या अर्धवट भिंती, क्रेन, खड्डे असं जे दिसलं ते त्यांनी काळ्या-पांढऱ्यात काढलं. फ्रेमवाल्याला माप दिलंय. निळा उडायची भीती तरी नाही.