जुनं भूगोलाचं पुस्तक की सुटा नकाशा?
नागपूरच्या धरमपेठेतला मित्र आठवडाभर विचारून राहिला, भाऊ, १९व्या शतकातलं चित्रांचं भूगोलाचं पुस्तक घेऊ की एखाद्या खंडाचा १७व्या शतकातला सुटा नकाशा?

पैशाचं म्हणशील तर पुस्तक बहुतेक वेळा स्वस्तात पडते, आणि पानोपानी डोंगर, प्राणी, माणसं, चाळायला मजा. पण कागद! १८५० नंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यात आम्ल, पान पिवळं पडते अन् आपल्या ४५ डिग्रीत तर पापडासारखं मोडते. १७व्या शतकातले नकाशे चिंध्यांच्या कागदावर तांब्याच्या प्लेटनं छापलेले, म्हणून वय जास्त असूनही टिकलेत, कडेला प्लेटच्या दाबाची खूण बोटाला लागते, नसली तर नक्कल असू शकते, जरा सांभाळून. काहींत कॅलिफोर्निया चक्क बेट दाखवलंय, मी तिथंच फिदा!

मेहनत मात्र नकाशाला जास्त, आम्लमुक्त माउंट (फ्रेममधला नकाशाचा पुठ्ठा), यूव्ही किरणं अडवणारी काच, आणि उन्हाच्या भिंतीवर तर नाहीच, हातानं भरलेले रंग उडतात. पुस्तक आडवं ठेवलं, पावसाळ्यात कसर पाहिली की झालं.

पोरांसोबत चाळायचं असेल तर पुस्तक घे. भिंतीवर एकच भारी वस्तू हवी अन् खिसा जड असेल तर नकाशा, फक्त पुस्तक फाडून काढलेला नको, मला ते पटतच नाही.